काळ्या मातीचे पापुद्रे आणि शिंपल्याचे थर

सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याचे नाव मराठी वाचकाच्या स्मरणात रुजले आहे ते १९२८ च्या साराबंदीमुळे. मुंबई इलाख्याच्या सरकारने नव्या जमाबंदीत तालुक्याचा सारा २२ टक्क्यांनी चढविला. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली रयतेने तो भरण्याचे साफ नाकारले. जप्तीचे हुकूम सुटले, गुरेढोरे आणि भांडीकुंडी लिलावास निघाली. आणि पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी केलेल्या चौकशीत ही वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. त्या काळी साऱ्याची आकारणी जमिनीच्या प्रतबंदीवर आधारलेली असे, त्यामुळे क्यारी कोणती, जरायत कोणती, काळी किती आणि तिचा कस केवढा, याच्या नोंदी महसुली दप्तरांत काळजीपूर्वक होत गेल्या. परंतु कसाचा अंदाज घेणाऱ्या त्या चाणाक्ष कारकुनांच्या नजरेपलीकडे या काळ्या मातीत आणखी एक गुण दडलेला होता, आणि समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या शिंपल्याच्या कवचाशी त्याचे फार जवळचे नाते आहे. या प्रकरणात ते नाते उलगडून पाहावयाचे आहे.

दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून निपजलेली आणि नद्यांनी वाहून आणून पसरलेली ही माती उन्हाळ्यात हात शिरेल एवढ्या भेगा पाडून उलते, आणि मृगाच्या चांगल्या सरी कोसळल्या की तीच जमीन फुगून, आपल्या भेगा आपणच मिटवून, बैलाचा पाय रुतवून धरणारा चिखल होते. शेतकऱ्याला तिचा हा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. घराचा पाया घालणाऱ्या गवंड्याला आणि रस्ता बांधणाऱ्या अभियंत्याला तो त्रासदायक वाटतो. या फुगण्या-उलण्याचे कारण मातीतील अतिसूक्ष्म खनिजात आहे. स्मेक्टाइट या कुळातील, आणि त्यातही विशेषतः मॉन्टमोरिलोनाइट या नावाच्या, चिकणखनिजाचे कण पापुद्र्यापापुद्र्यांनी रचलेले असतात. सिलिकॉन आणि प्राणवायू यांच्या दोन जाळीदार पातळ्या, आणि त्यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमची एक, अशी एका पापुद्र्याची घडण असून त्याची जाडी अवघी एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग असते. लांबी-रुंदी मात्र जाडीच्या शेकडो पट. पापुद्र्यावर ऋण विद्युत्‌भार असतो आणि दोन पापुद्र्यांच्या मधल्या फटीत सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित आयन बसलेले असतात. पाणी शिरते ते याच फटींत. पाणी आले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. पाणी उडून गेले की ते पुन्हा मिटतात आणि जमीन उलते. असे एक ग्रॅम शुद्ध खनिज घेऊन त्यातील प्रत्येक पापुद्रा सुटा केला आणि दोन्ही अंगे धरून त्यांचे क्षेत्रफळ मोजले, तर ते सुमारे ७५० चौरस मीटर, म्हणजे सात गुंठ्यांहूनही अधिक भरते. चिमूटभर मातीच्या पोटी एवढी जमीन असते.

आता शिंपल्याकडे वळू. त्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचेही कारण नाही, कारण गुजरात-महाराष्ट्रातील नद्या-तळ्यांत राहणाऱ्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यांच्या आतील अंगालाही तोच मोतिया थर असतो. असा एखादा सुकलेला शिंपला उचलून पाहिला, तर बाहेरचे काळपट, सोलवटणारे सालपट आधी दिसते. त्याखाली उभ्या खांबांसारख्या स्फटिकांचा थर लागतो. आणि सर्वांत आत ती दुधाळ, फिरवली की गुलाबी-हिरवी छटा फेकणारी चकाकी. शिंपला मोडून त्याची कड भिंगाखाली धरावी. खडूचा तुकडा मोडला तर कड दाणेदार निघते, काच मोडली तर गुळगुळीत आणि धारदार. मोतिया थराची कड मात्र पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि नखाने खरवडले तर तिचे चकाकते कपचे आडवे सुटतात. साध्या भिंगाला याहून अधिक दिसत नाही, परंतु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जी रचना पुढे उघड केली तिची सूचना या पायऱ्यांतच मिळून जाते.

त्या रचनेचे माप असे आहे. मोतिया थराच्या वजनाचा सुमारे ९५ टक्के भाग हा अ‍ॅरॅगोनाइट असतो. अ‍ॅरॅगोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. चुनखडी, खडू आणि संगमरवर ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचे स्फटिकी रूप. या अ‍ॅरॅगोनाइटच्या बहुकोनी, चपट्या पट्टिका असतात, प्रत्येक सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाड आणि पाच ते दहा मायक्रोमीटर रुंद. उरलेला पाच टक्क्यांच्या आतबाहेरचा भाग प्रथिने आणि चितीन या सेंद्रिय द्रव्यांचा असतो, आणि तो पट्टिकांच्या मधल्या वीस-तीस नॅनोमीटरच्या फटींत पसरलेला असतो. विटा आणि त्यांमधला चुना, अशी या रचनेची उपमा शास्त्रज्ञांनी दिली आहे, आणि ती एवढी चपखल आहे की जगभरच्या शोधनिबंधांत तीच रूढ झाली. मात्र भिंतीतला चुना कठीण असतो आणि येथला मऊ व ताणला जाणारा, एवढा भेद वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण सारे रहस्य त्या भेदातच आहे.

शिंपल्याच्या चकाकीकडे शास्त्राचे लक्ष त्याच्या बळाच्या कितीतरी आधी गेले. १८१४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर याने मोतिया शिंपला मेणावर दाबला आणि मेणावर उठलेल्या ठशातही तेच रंग दिसले; यावरून रंगाचा काही अंश तरी पृष्ठभागाच्या सूक्ष्म रेषांतून येतो, हे सिद्ध झाले. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीही १९३० च्या दशकात बंगळूर येथे अशा रंगीबेरंगी कवचांचा अभ्यास केला. तो विषय मनोहर आहे, परंतु आपल्याला जावयाचे आहे दुसऱ्या वाटेने.

ती वाट गुजरातच्या कारागिरांनी फार पूर्वी चोखाळली होती. सोळाव्या-सतराव्या शतकांत खंबायत, अहमदाबाद, सुरत या भागांतून मोतिया शिंपल्याने मढविलेल्या पेट्या, तबके, कलमदाने परदेशी जात. त्यांतील काही युरोपच्या राजदरबारांत पोहोचल्या आणि तेथील सोनारांनी त्यांना सोन्या-चांदीची जोड देऊन त्या जपून ठेवल्या. फत्तेपूर शिक्री येथे सलीम चिश्ती यांच्या कबरीवरील छत्रीवरही शिंपल्याचे असेच काम आहे. या कामासाठी हिरवट पाठीच्या मोठ्या टर्बो जातीच्या समुद्री गोगलगायीचे कवच वापरीत. त्याच्या पातळ चकत्या कापून, त्यांना आकार देऊन, काही वस्तूंवर त्या लाकडात राळेच्या काळ्या लुकणात बसवीत, तर काही वस्तूंवर त्या पितळेच्या बारीक खिळ्यांनी ठोकून बसवीत. या खिळ्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. पातळ चकतीला कडेजवळ भोक पाडावयाचे, त्यातून खिळा घालावयाचा आणि वरून ठोकावयाचे, हे चुनखडीच्या तेवढ्याच पातळ तुकड्यावर करू गेल्यास तो तेथेच दुभंगेल. शिंपला दुभंगला नाही, आणि चारशे वर्षांनंतरही ते खिळे आणि त्या चकत्या संग्रहालयांत जागच्या जागी आहेत. पदार्थाच्या चिवटपणाची याहून बोलकी नोंद मला दुसरी माहीत नाही. त्या कारागिरांची नावे आपल्याला कळत नाहीत, पण शिंपला आणि दगड हे एकाच द्रव्याचे असूनही भिन्न वागतात, हे ज्ञान त्यांच्या बोटांत पुरतेपणी होते असेच म्हणावे लागते.

आकड्यांनी ते ज्ञान मांडले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्लंडमध्ये यॉर्क येथील जॉन करी या प्राणिशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मोतिया थर ताणून, तो कसा तुटतो याचे पद्धतशीर मोजमाप प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये जॅक्सन, व्हिन्सेंट आणि टर्नर यांनी त्यात मोलाची भर घातली. कोरड्या थराचे ताणबल सुमारे १७० मेगापास्कल, म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण १७ किलोग्रॅम भार, असे त्यांच्या मोजणीत आले. हे बळ चांगले असले तरी अचंबित करणारे नाही. खरा अचंबा आहे तो तडा पुढे सरकविण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेत. ही ऊर्जा निव्वळ अ‍ॅरॅगोनाइटच्या मानाने मोतिया थरात हजारो पटींनी अधिक असते. ३,००० पट हा आकडा पुष्कळदा दिला जातो. आणखी एक गोष्ट या मोजण्यांतून निघाली, जी पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे: ओला शिंपला कोरड्यापेक्षा किंचित दुबळा, पण कितीतरी अधिक चिवट असतो.

शेकडा पाच भाग मऊ द्रव्य मिसळल्याने एवढा फरक का पडावा? ठिसूळ पदार्थ तुटतो तो त्याच्या अंगच्या दुबळेपणामुळे क्वचितच. बहुधा कोठेतरी असलेल्या बारीकशा तड्याच्या टोकाशी सारा ताण एकवटतो आणि तडा सरळ धावत सुटतो, म्हणून तो तुटतो. मोतिया थरात धावणाऱ्या तड्याला दर अर्ध्या मायक्रोमीटरवर एक मऊ फट आडवी येते. तेथे त्याचे टोक बोथट होते, तो वळतो, फटीतून आडवा जातो, पुन्हा चढतो, आणि प्रत्येक वळणावर त्याची ऊर्जा खर्च होते. त्याच वेळी पट्टिका एकमेकींवरून किंचित सरकतात. या सरकण्याला अनेक अटकाव आहेत: पट्टिकांचे पृष्ठ खडबडीत असतात, त्या सपाट नसून किंचित नागमोडी असल्याने सरकताना एकमेकींत अडकतात, दोन पट्टिकांना जोडणारे खनिजाचे अतिसूक्ष्म पूल मध्येच आडवे येतात. त्यामुळे एके ठिकाणी सरकणे अवघड झाले की शेजारच्या पट्टिका सरकू लागतात, आणि जो ताण एका बिंदूवर फुटावयाचा तो विस्तृत भागात वाटला जातो. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील संशोधकांनी १९९९ मध्ये असे दाखविले की फटीतील प्रथिनांचे रेणूही एकदम तुटत नाहीत. त्यांच्या घड्या एकामागून एक उलगडतात, प्रत्येक घडी उलगडताना थोडी ऊर्जा गिळते, आणि ताण सुटल्यास त्या पुन्हा जुळू शकतात.

या सर्व अटकावांत प्रमुख कोणता, याविषयी मतभेद आहेत आणि ते अजून पुरते मिटलेले नाहीत. अमेरिकेत फार्गो येथील नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठात कल्पना कट्टी आणि दिनेश कट्टी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह, ज्यांत प्रधान आणि भोसले ही मराठी कानांना ओळखीची आडनावे आहेत, २००५ मध्ये असे प्रतिपादन केले की पट्टिका एकमेकींत गुंतून बसतात, आणि बळ व चिवटपणा या दोहोंची किल्ली त्या गुंतण्यातच आहे. मला हे म्हणणे विचारार्ह वाटते, कारण निव्वळ मऊ लुकणाने चिवटपणा समजावता येतो, पण त्याच्या जोडीला टिकून राहणारा ताठपणा समजावता येत नाही.

सगळीच कवचे मोतिया थराची नसतात. कॅरिबियन समुद्रातील मोठ्या शंखाचे कवच ९९ टक्के खनिज असूनही असामान्य चिवट असते. त्यातील तंतुमय स्फटिकांचे थर एकमेकांशी आडवे-उभे रचलेले असतात. क्लीव्हलँड येथील कामत, सू, बॅलारिनी आणि ह्यूअर यांनी २००० मध्ये या रचनेत तडे कसे अडतात ते दाखविले. गोव्यात पणजी, मडगाव आणि जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या शिंपल्यांची तावदाने बसविलेली दिसतात, ते प्लॅकुना जातीचे शिंपले तर ९९ टक्के कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकी रूपाचे, आणि तरीही दृश्य प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग आरपार जाऊ देणारे. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी २०१४ मध्ये या शिंपल्याला सूक्ष्म टोकदार हिऱ्याने टोचून पाहिले, तेव्हा टोचलेल्या जागेभोवतीचे स्फटिक नॅनोमीटरच्या मापावर दुमडून जुळे होतात, आणि इजा त्या जागेपुरतीच थोपवितात, असे आढळले. गोव्यातील सुतारांनी ते शिंपले लाकडी चौकटीत सरकविले ते प्रकाशासाठी. वाऱ्यापावसाचा मारा त्यांनी सोसला तो या गुणामुळे.

हे सारे शिंपला घडवितो तो समुद्राच्या किंवा नदीच्या पाण्याच्या तापमानाला, भट्टीशिवाय, दाबाशिवाय. त्याच्या शरीराचा प्रावरण नावाचा पडदा आधी चितीनचे पातळ पडदे एकावर एक पसरतो, मधल्या पोकळीत रेशमाच्या जातीच्या प्रथिनांचा ओलसर लगदा भरतो, आणि मग ठरावीक आम्लधर्मी प्रथिनांच्या देखरेखीखाली त्या पोकळ्यांत अ‍ॅरॅगोनाइटची पट्टिका वाढते. साचा आधी आणि खनिज नंतर, हा क्रम आहे.

माणसाने या रचनेचे अनुकरण करावयाचे ठरविले तेव्हा पहिले यश आले ते अगदी ढोबळ मापावर. इंग्लंडमध्ये क्लेग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सिलिकॉन कार्बाइड या अतिकठीण पण ठिसूळ द्रव्याचे पातळ पत्रे घेतले, प्रत्येकावर ग्रॅफाइटचा हात दिला, ते एकावर एक रचून भाजले. तडा ग्रॅफाइटपाशी पोहोचला की आडवा वळू लागला. तुटण्याचा प्रतिकार चौपटीने वाढला आणि तोडण्यास लागणारे कार्य शंभर पटीहून अधिक. मऊ, निर्बल ग्रॅफाइट मध्ये घातल्याने एकंदर वस्तू बळावली, ही गोष्ट तेव्हा अनेकांना विपरीत वाटली असेल.

दुसरी वाट बर्फाची. खारे पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक मीठ बाहेर ढकलतात. तसेच, खनिजाची पूड मिसळलेले पाणी एका बाजूने हळूहळू गोठविले, तर बर्फाचे पातळ पत्रे वाढत जातात आणि पूड त्यांच्या मधल्या फटींत लोटली जाते. नंतर बर्फ उडवून टाकला की खनिजाचे समांतर थर उरतात, आणि त्यांच्यामध्ये पॉलिमर भरता येतो. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील प्रयोगशाळेत देव्हिल, सैझ, टॉम्सिया आदींनी २००६ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली, आणि २००८ मध्ये तेथेच अ‍ॅल्युमिना व अ‍ॅक्रिलिक यांचे असे संमिश्र तयार झाले की, त्यातील ऊर्जाशोषण मूळ घटकांच्या सुमारे ३०० पट भरले. २०१६ मध्ये चीनमधील हेफेई येथील यू शू-हाँग यांच्या गटाने शिंपल्याचाच क्रम पाळला: आधी चितीनचा थरदार साचा, मग त्यात वाहत्या द्रावणातून आठवडेच्या आठवडे अ‍ॅरॅगोनाइट वाढविणे, शेवटी रेशीमप्रथिन भरून गरम दाबणे.

तिसरी वाट मातीची, आणि ती आपल्याला बारडोलीकडे परत आणते. निकोलस कोटोव्ह यांनी ओक्लाहोमा येथे सहकाऱ्यांसह २००३ मध्ये विटा म्हणून मॉन्टमोरिलोनाइटचे ते एक नॅनोमीटरचे पापुद्रे घेतले. काचेची पट्टी धनभारित पॉलिमरच्या द्रावणात बुडवावयाची, धुवावयाची, मग ऋणभारित पापुद्रे तरंगत असलेल्या पाण्यात बुडवावयाची, पुन्हा धुवावयाची. भिन्न भारांच्या आकर्षणाने दर बुडीत एक-एक थर चिकटत जातो. अशा शेकडो थरांनी जो पातळ पडदा झाला त्याचे ताणबल नैसर्गिक मोतिया थराच्या जवळपास पोहोचले. मिशिगन विद्यापीठात पॉल पॉड्सियाड्लो आणि कोटोव्ह यांनी २००७ मध्ये पॉलिमर बदलला; पॉलिव्हिनिल अल्कोहोल, म्हणजे विणकामात ताण्याच्या सुताला खळ देण्यासाठी वापरले जाते तेच द्रव्य, त्यांनी घेतले, आणि थर चढवून झाल्यावर ग्लुटराल्डिहाइडने त्याचे धागे एकमेकांशी बांधून टाकले. त्या ३०० थरांच्या पारदर्शक पडद्याचे ताणबल ४०० मेगापास्कल, म्हणजे बांधकामातील साध्या पोलादाच्या तोडीचे, आणि ताठपणा १०६ गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून अधिक भरला. शेतात पायाखाली चिखल होणाऱ्या खनिजाचा हा पराक्रम आहे, आणि तो वाचताना मला सुरतेचे माग आणि बारडोलीचे शिवार ही दोन्ही डोळ्यांपुढे उभी राहतात हे कबूल केले पाहिजे.

मग बारडोलीची माती उचलून तिचे पोलादासारखे पत्रे का करता येऊ नयेत? याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात या टप्प्यावर पुष्कळ अवास्तव लिहिले जाते. शिवारातील माती हे शुद्ध खनिज नव्हे. तिच्यात गारेचे कण आहेत, लोहाची संयुगे आहेत, चुनखडीचे खडे आहेत, कुजके सेंद्रिय द्रव्य आहे. शिवाय तिच्या पापुद्र्यांच्या फटींत बहुतांशी कॅल्शियमचे आयन आहेत. कॅल्शियमचा भार दुहेरी, त्यामुळे तो दोन पापुद्र्यांना जखडून ठेवतो आणि ते पाण्यात पुरते सुटे होत नाहीत. (फुगणाऱ्या जमिनीवर रस्ता बांधताना अभियंते मातीत चुना मिसळतात त्यामागचे एक कारण हेच.) फटींत सोडियम बसविला तरच पापुद्रे एकेक होऊन तरंगतात. प्रयोगशाळांत म्हणूनच शुद्ध केलेला सोडियमयुक्त बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटचीच बनलेली चिकणमाती, वापरतात, आणि भारतात बेंटोनाइटचे मोठे साठे गुजरातेतच, कच्छमध्ये आहेत.

तरीही मातीचा हा गुण घरच्या घरी पाहता येतो. काळ्या मातीची बारीक पूड एका उंच काचेच्या भांड्यात पुष्कळ पाण्यात ढवळून ठेवावी. दुसऱ्या भांड्यात तशीच माती, पण पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवून घ्यावा. रेती दोन्हींत क्षणार्धात तळाशी बसते. पहिल्या भांड्यातील गढूळपणा हळूहळू गुठळ्या होऊन खाली उतरू लागतो; दुसऱ्या भांड्यातील पाणी मात्र दिवसेंदिवस करडे, धुरकट राहते, कारण सोडियमने कॅल्शियमची जागा घेतली आणि पापुद्रे सुटे झाले. या धुरकट पाण्याचे काही थेंब सपाट काचेवर सावलीत वाळू द्यावेत. पाणी उडत जाते तसे पापुद्रे काचेला समांतर आडवे होतात आणि एक पातळ, किंचित झळाळणारा पोपडा उरतो. पात्याने त्याची कड उचलली तर तो कागदासारखा सुटा होऊ पाहतो, आणि मग मोडतो. विटा आडव्या रचल्या गेल्या. त्यांना धरून ठेवणारे लुकण तेवढे नाही.

लुकण कोठून आणावे? एकेक थर बुडवून चढविण्याची रीत बिनचूक असली तरी फार संथ आहे. ३०० थरांनंतर हाती येतो तो मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचा पडदा. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात आंद्रेयास वाल्थर आणि ओली इक्काला यांनी २०१० मध्ये ही अडचण कागद बनविणाऱ्यांच्या रीतीने सोडविली. प्रत्येक पापुद्र्याला पाण्यातच पॉलिमरचा लेप चढवावयाचा, जादा पॉलिमर धुवून काढावयाचा, आणि मग तो लगदा जाळीवर गाळून वाळवावयाचा. पापुद्रे आपोआप आडवे बसतात आणि एकाच फेरीत मोठा, जाड ताव तयार होतो. स्टॉकहोमच्या बर्गलुंड यांच्या गटाने पुढच्याच वर्षी, याच फिनिश संशोधकांच्या सहकार्याने, लुकण म्हणून लाकडातील सेल्युलोजचे नॅनोतंतू वापरले, आणि माती-सेल्युलोजचा असा कागद बनविला की जो आगीला दाद देत नाही आणि प्राणवायूला आरपार जाऊ देत नाही.

सेल्युलोजचे नाव निघाले म्हणजे बारडोलीला पुन्हा यावे लागते. काक्रापार आणि उकाई येथे तापीचे पाणी अडवून कालव्यांनी ते या तालुक्यात आल्यापासून जुन्या कापसाच्या शिवारात ऊस उभा राहिला, आणि बाबेन येथील सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांच्या आवारांत गाळपाच्या हंगामात बगॅसचे डोंगर उभे राहू लागले. या बगॅसमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर सेल्युलोज असते. त्यातील बहुतेक बॉयलरमध्ये जळते, काही कागदाच्या गिरण्यांना जाते. त्यापासून नॅनोतंतू काढता येतात, हे प्रयोगांनी दाखविलेले आहे. म्हणजे विटा आणि लुकण या दोहोंचा कच्चा माल एकाच तालुक्याच्या हद्दीत, एकाच शेतात, वर आणि खाली पडलेला आहे.

अडचण आहे ती पाण्याची, आणि ती मूळचीच आहे. ज्या फटींत पाणी शिरल्याने बारडोलीची जमीन फुगते, त्याच फटी या संमिश्र पत्र्यांतही आहेत. आणि पॉलिव्हिनिल अल्कोहोल काय किंवा सेल्युलोज काय, दोन्ही पाण्याची ओढ असलेली द्रव्ये. दमट हवेत असे पत्रे ओलावा शोषून मऊ पडतात आणि त्यांचा ताठपणा झपाट्याने उतरतो. शिंपल्याचे याच्या नेमके उलट आहे: तो जन्मभर पाण्यात असतो आणि पाण्यानेच त्याचा चिवटपणा वाढतो, कारण त्याच्या पट्टिका पाण्याने फुगत नाहीत, त्या खनिजाच्या पुलांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात, आणि फटीतील प्रथिनांना पाणी फक्त लवचिकपणा देते. ग्लुटराल्डिहाइडने धागे बांधणे, पापुद्र्यांच्या फटींत पाण्याला दाद न देणारे आयन किंवा रेणू बसविणे, लुकणात जलविरोधी द्रव्य मिसळणे, असे नाना उपाय चालू आहेत. प्रत्येकाने ओलावा कमी शिरतो, पण प्रत्येकाची थोडीफार किंमत चिवटपणात मोजावी लागते. माझ्या मते या क्षेत्रातील पुढची खरी प्रगती ताणबलाचे आकडे चढविण्यात नाही. ४०० मेगापास्कल पुष्कळ झाले. दक्षिण गुजरातेत किंवा कोकणात आषाढाच्या ओल्या हवेत महिनाभर उघडा ठेवलेला पत्रा, उन्हाळ्यात होता तेवढाच ताठ आणि तेवढाच चिवट राहतो की नाही, हे तपासणारी कसोटी आधी लावली पाहिजे, आणि त्या कसोटीचे निकाल ताणबलाच्या आकड्यांच्या शेजारी, त्याच तक्त्यात छापले गेले पाहिजेत.